सहलीत मूल गप्प झालं तर...

गेल्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. आम्ही सगळे मिळून अनेर धरण पाहायला निघालो होतो. शिरपूरहून क्रुझर गाडी ठरवली होती. मोठी माणसं आठ, लहान मुलं पाच. त्यांत सर्वांत धाकटा माझा चार वर्षांचा मुलगा. निघायचं ठरलं होतं सकाळी सातला, पण आंघोळी, फराळाचे डबे आणि कुणाची तरी विसरलेली चप्पल यांत साडेदहा वाजले. धरण पाहून झालं आणि जेवायला जवळच्याच एका नातेवाइकांच्या मळ्यात उतरलो. वरण-बट्टीचा बेत होता. खानदेशात बट्टीचा बेत म्हणजे काय, हे सांगायला नको. गोवऱ्या पेटवायच्या, निखारा पडू द्यायचा, बट्ट्या भाजायच्या, वांग्याची भाजी घोटायची. पानं मांडेपर्यंत अडीच वाजले.

तोपर्यंत मुलं उन्हात मनसोक्त धावली. कापसाच्या सऱ्यांमधून लपाछपी झाली, विहिरीच्या मोटारीवर भिजणं झालं. मग धाकटा आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसला. बट्टी नको म्हणाला, पाणी नको म्हणाला. "दमला असेल, गाडीत नेऊन झोपवा त्याला," कुणीतरी सुचवलं. मलाही ते पटलं. दिवसभर पायांत पाय घालणारं पोर शांत बसलं, याचं खरं सांगायचं तर बरंच वाटलं. माझ्या आईनं मात्र हातातली परात खाली ठेवली आणि विचारलं, "पोऱ्या चूप काब्र शे?"

तिच्या त्या प्रश्नानं आमची दिवाळी वाचली. मुलाचे ओठ कोरडे पडले होते, अंग तापलं होतं आणि सकाळी घरून निघाल्यापासून त्यानं लघवीच केली नव्हती. सावलीत नेऊन ओल्या फडक्यानं अंग पुसलं, पंख्यासारखं वर्तमानपत्र हलवलं, सुदैवानं सोबत असलेलं ओआरएसचं पाकीट पाण्यात मिसळून चमच्याचमच्यानं पाजलं आणि शिरपूरला डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी पोर पुन्हा गाडीतल्या जागेवरून भांडायला लागलं, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्या दिवशी डॉक्टरांनी समजावलेली गोष्ट मनात पक्की बसली. रडणारं, चिडणारं, हट्ट करणारं मूल आपल्याला त्रास देतं, पण ते मदतही मागत असतं. गप्प झालेलं मूल ती मागत नाही. ती आपणच ओळखावी लागते.

शरदाचं ऊन मुलांना जास्त का लागतं?

आपल्याकडे जुन्या माणसांना शंभर शरद जगण्याचा आशीर्वाद देतात. दुसरीकडे, शरद ऋतू ही वैद्यांची आई, असंही एक जुनं संस्कृत वचन आहे. म्हणजे वैद्यांना पोसणारा हा ऋतू. दोन्हींत तथ्य आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस आपल्या भागातून माघारी फिरतो. ढगांचं छत्र जातं, ऊन मात्र अजून कडक असतं. जमिनीत मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन हवा दमट राहते. दिवसा पारा ३५ अंशांच्या पुढे जातो आणि निरभ्र आकाशामुळे रात्री जमिनीची उष्णता झपाट्यानं निघून जाऊन पहाटे गारवा येतो. मे महिन्यात आपण उन्हाला घाबरून घरात बसतो. ऑक्टोबरात तसं घाबरत नाही, कारण कॅलेंडरवर उन्हाळा नसतो.

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. वजनाच्या मानानं त्याच्या त्वचेचा पसारा मोठ्यांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. घाम मात्र त्याला मोठ्यांपेक्षा कमी येतो. शिवाय खेळाच्या नादात तहान लागल्याचं त्याच्या लक्षात येत नाही आणि लक्षात आलं, तरी डाव सोडून कोण येणार!

आता हिशेब पाहा. चार वर्षांच्या मुलाचं वजन साधारण १६ किलो धरू. वजनाच्या पाच टक्के पाणी अंगातून गेलं, की शोष पडल्याची लक्षणं दिसू लागतात. १६ किलोचे पाच टक्के म्हणजे ८०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम चार फुलपात्रं. ६४ किलोच्या बापाला तेवढाच शोष पडायला तीन लिटरहून अधिक पाणी गमवावं लागेल. म्हणून "आम्हाला काही झालं नाही, मग यालाच कसं झालं?" हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यात मुलांच्या यकृतात साखरेचा साठाही कमी असतो. दुपारचं जेवण अडीच वाजेपर्यंत लांबलं, तर मोठ्यांना फक्त भूक लागते, मुलाची ताकदच संपते.

आणि झोपलेल्या मुलाला उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवणं म्हणजे सरळ धोका आहे. बंद गाडीच्या काचांतून ऊन आत शिरतं, पण तापलेली हवा बाहेर पडत नाही. आतलं तापमान जेवढं वाढायचं, त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच वाढतं. काच चार बोटं खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. "पाच मिनिटांत येतो" म्हणून गेलेल्या माणसाची पाच मिनिटं आपल्याकडे किती वेळाची असतात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

चमचाभर पाण्याचं शास्त्र

सहलीच्या पिशवीत आणखी काही नसलं तरी चालेल, ओआरएसची दोन-तीन पाकिटं हवीतच. हे साधं दिसणारं मिश्रण विसाव्या शतकातल्या वैद्यकातल्या मोठ्या शोधांपैकी एक आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याकडचं शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. त्यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना तोंडानं पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. यामागचं शास्त्र असं, की आतड्यात साखर आणि मीठ जोडीनं शोषलं जातं आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत येतं. पण ही जोडी योग्य मापात हवी. साखर जास्त झाली, तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

म्हणून दुकानातलं कुठलंही रंगीत, गोड पेय ओआरएसच्या जागी चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात नसलेल्या पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' हा शब्द वापरायला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच कारणानं. खरं पाकीट औषधाच्या दुकानात मिळतं. त्यावर लिहिलेल्या मापाएवढ्याच पाण्यात ते पूर्ण मिसळावं. अर्धं आज, अर्धं उद्या असं करू नये. पाकीट नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी होत असेल, तर दहा मिनिटं थांबून दर एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. घटाघटा पाजलं, तर बाहेर येतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला प्रवासातही वरचं पाणी लागत नाही. आईचं दूध अधिक वेळा पाजावं.

मूल सुस्त पडलं, हाकेला नीट उत्तर देईना, सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले किंवा प्रत्येक घोट उलटून पडू लागला, तर घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठावा. अंग भाजल्यासारखं गरम आणि मूल बरळतंय किंवा बेशुद्ध होतंय, असं असेल, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहावं. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

घाटातली शांतता

शिरपूरकरांची दुसरी आवडती वाट तोरणमाळची. शहाद्यावरून सातपुडा चढत गेलं, की यशवंत तलाव, सीताखाई आणि अंगाला झोंबणारा गारवा. तापीच्या खोऱ्यातून साधारण हजार मीटर वर चढलं, की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. गावात घाम पुसणाऱ्या पोराला तिथं संध्याकाळी स्वेटर लागतो. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर एका जाड स्वेटरपेक्षा बरे. ऊन असेल तसे काढता येतात, थंडी वाढेल तसे चढवता येतात.

घाट लागला, की मागच्या सीटवरची गाणी एकाएकी थांबतात. इथंही गप्प होणं ही आगाऊ सूचना असते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला कळवतो, की आपण वळतोय. मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात, की आपण स्थिर आहोत. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. सर्वाधिक होतो तो साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलांना. मूल आधी शांत होतं, जांभया देतं, चेहरा पांढरा पडतो, कपाळावर गार घाम येतो आणि मग उलटी. त्या जांभयांपाशीच गाडी थांबवावी. मोबाइल काढून घ्यावा, लांबच्या डोंगराकडे पाहायला सांगावं, खिडकी उघडावी. घाटाआधी तेलकट पुऱ्या नकोत आणि अगदी रिकामं पोटही नको. थोडी भाकरी, केळं किंवा मुरमुरे पुरेत. उलटी थांबवणारं औषध डॉक्टरांना विचारून, मुलाच्या वजनाप्रमाणेच द्यावं. कानात दडे बसले, तर घोट गिळायला द्यावा. तान्ह्या बाळाला अंगावर पाजलं, तरी कान मोकळे होतात.

पाण्याकाठी आवाज येत नाही

शिरपूर तालुक्याचं नाव राज्यभर गेलं ते पाण्यामुळे. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आणि अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकारानं इथले नाले रुंद आणि खोल करण्यात आले, त्यांवर साखळीनं बंधारे बांधले गेले आणि 'शिरपूर पॅटर्न' जन्मला. विहिरींना पाणी आलं, दुबार पिकं आली. तापीवरच्या सुलवाडे आणि सारंगखेडा बॅरेजमागे अडलेलं पाणीही लांबवर पसरलेलं असतं. हे वैभव आहे. पण लहानपणी ज्या नाल्यात आपण घोट्याएवढ्या पाण्यात खेळलो, तो आता दिवाळीत पुरुषभर खोल असू शकतो. खोल केलेल्या नाल्यांचे काठ सरळ कापलेले आणि पाय घसरणारे असतात. "इथं काही खोल नाही, मी लहानपणी पोहलोय," हे मामाचं प्रमाणपत्र आता चालणार नाही.

जगभरात बुडून मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये. आणि सिनेमात दाखवतात तसं बुडणारं मूल हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, जो क्षण मिळतो तो श्वास घेण्यातच जातो. ओरडायला हवाच उरत नाही. हात पाणी खाली दाबण्यात गुंततात. हे सगळं २० ते ६० सेकंदांत उरकतं आणि दहा फुटांवर बसलेल्या माणसांना ऐकूही येत नाही.

म्हणून पाण्याकाठी एकच नियम पाळावा. लहान मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर असलं पाहिजे. 'सगळ्यांचं लक्ष आहे' याचा अर्थ अनेकदा कुणाचंच लक्ष नाही, असा होतो. एका मोठ्या माणसावर नाव घेऊन जबाबदारी टाकावी. त्यानं मोबाइल खिशात ठेवावा, गप्पा आणि फोटो दुसऱ्यांवर सोपवावेत आणि अर्ध्या तासानं पाळी बदलावी. बुडालेलं मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगणं किंवा पोट दाबून पाणी काढणं यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू नसेल, तर ताबडतोब तोंडानं श्वास देणं आणि छातीवर दाब देणं हाच उपाय आहे. प्रत्येक घरातल्या एका तरी माणसानं हे प्रशिक्षण घेतलेलं असावं.

फटाक्यांच्या रात्री

घरी परतल्यावर दिवाळीची रात्र. मोठ्या आवाजाचे फटाके आपण मुलांपासून दूर ठेवतो आणि हातात 'निरुपद्रवी' वस्तू देतो, म्हणजे फुलबाजी आणि नागगोळी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ साली नेहमीच्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा त्यात सर्वांत वर आली ती बिनआवाजाची नागगोळी. तिच्या धुरात पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या सूक्ष्म कणांचं प्रमाण दर घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं. हा आकडा काही क्षणांचा आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या सरासरीसाठी १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगते, हे लक्षात घेतलं की तो किती मोठा आहे ते कळतं. गोळीचा साप पाहायला मूल तिच्यावर वाकलेलंच असतं. त्यात लहान मुलं मिनिटाला मोठ्यांपेक्षा जास्त श्वास घेतात.

फुलबाजीची तार हजार अंशांच्या घरात तापते आणि विझल्यावरही भाजते. शेजारी पाण्याची बादली ठेवावी आणि विझलेली तार तिच्यातच टाकायची सवय मुलांना लावावी. भाजलंच, तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरावं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. सुती कपडे, बंद चप्पल आणि सोबत एक मोठं माणूस, एवढं तरी हवंच.

दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाचा पंप याच दिवसांत जवळ असावा. खोकणारं मूल आपल्या लक्षात येतं. पण धाप इतकी वाढते, की मुलाला पूर्ण वाक्य बोलता येत नाही, मग ते बोलणंच सोडतं. छाती भरभर हलतेय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय आणि मूल गप्प आहे, तर सकाळची वाट पाहू नये.

सुटी आठ दिवसांची, डासाचीही

सुटीचा शेवट कधीकधी शाळा उघडल्यानंतर होतो. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आपली दिवाळीची सुटीही तेवढीच असते. नळाला दररोज पाणी येत नाही, म्हणून भरून ठेवलेले ड्रम, रांजण, विसरलेला कूलर, फ्रिजच्या मागची ताटली, गच्चीवरचं टायर. आपण मामाच्या गावाला असताना घरात डासांची एक पिढी तयार होते. निघण्यापूर्वी भांडी रिकामी करून घासून पालथी घालावीत. टाकीला घट्ट झाकण किंवा कापड बांधावं. हा डास दिवसा चावतो, म्हणून सहलीतही मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

डास चावल्यानंतर चार ते दहा दिवसांनी ताप येतो. तापासाठी वजनाच्या मापात पॅरासिटामॉल द्यावं. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डेंग्यूची खरी परीक्षा अनेकदा ताप उतरताना असते. ताप गेला म्हणून घर निवांत होतं, मूल मात्र मलूल पडून राहतं. पोट दुखतं, उलट्या होतात, हिरड्यांतून रक्त येतं. पुन्हा तेच, गप्प मूल. ताप उतरल्यावर जे मूल खेळायला उठत नाही, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

मग जायचंच नाही का?

जायचं, जरूर जायचं. सुमारे ८३ चौरस किलोमीटरचं अनेर धरण अभयारण्य आपल्या तालुक्यात आहे. १९८६ साली ते जाहीर झालं. शहरातल्या मुलांना जे चित्रात दाखवावं लागतं, ते इथं उघड्या डोळ्यांनी दिसतं. कोजागरीचं चांदणं, भुलाबाईची गाणी, खाऊ ओळखण्याचा खेळ, पावसानं धुतलेलं आकाश, हे सगळं याच ऋतूत असतं. ते मुलांपासून काढून घेण्यात काहीच शहाणपण नाही.

बदलायचं आहे ते वेळापत्रक. यंदा आम्ही सातला म्हणजे सातलाच निघायचं ठरवलंय. अकरापर्यंत भटकायचं, बारा वाजता मुलांची पानं आधी वाढायची, बट्टी मोठ्यांनी नंतर निवांत खावी. बारा ते साडेतीन सावली, दर अर्ध्या तासानं दोन घोट पाणी, न मागता. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला, की पाणी वाढवायचं. शेतात बूट घालूनच उतरायचं, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत सऱ्यांमध्ये सापही असतात. साप चावलाच, तर चिरा नाही, आवळपट्टी नाही, मंत्र नाही. पाय हलू न देता थेट रुग्णालय गाठायचं.

पिशवीत एवढं असू द्या: ओआरएसची तीन पाकिटं, मापाची बाटली आणि चमचा, घरचं उकळलेलं पाणी, थर्मामीटर, मुलाच्या वजनाचा डोस लिहिलेलं पॅरासिटामॉल, रोजची औषधं आणि पंप, दोन सुती फडकी, टोपी, सुके कपडे, आणि जाणार असाल त्या बाजूच्या जवळच्या सरकारी रुग्णालयाचं नाव.

आई यंदाही सोबत येणार आहे. गाडीत मागच्या सीटवर पाच पोरांचा गोंधळ सुरू झाला, की मी पूर्वी वैतागून ओरडायचो, "जरा गप्प बसा रे!" आता नाही ओरडत. तो गोंधळ ऐकू येतोय तोवर सगळं ठीक आहे, हे मला कळलंय. तो थांबला, की गाडी बाजूला घ्यायची, मागे वळून पाहायचं आणि आईचा प्रश्न विचारायचा, "पोऱ्या चूप काब्र शे?"